रेंजची भिंत सरकारची, छर्रे आपले

हुबळीतल्या एका शूटिंग क्लबच्या बैठकीला परवा बसलो होतो. जागा म्हणजे जुनं गोदाम. वर पत्रे, समोरच्या भिंतीला दहा टार्गेटं, आणि टार्गेट पुढे-मागे नेणाऱ्या पुल्या अशा कुरकुरत होत्या की विहिरीवर रहाट चाललाय असं वाटावं. एका तरुण सभासदाने फोन पुढे केला. "केंद्र सरकार शूटिंगला पैसा देतंय. अर्ज टाकू या." खजिनदार निवृत्त बँकवाले. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "टाकू की. कुणाकडे टाकायचा, कशासाठी टाकायचा, आणि ही जागा कुणाच्या नावावर आहे, एवढं सांगा."

तिसऱ्या प्रश्नाला बैठक अडली. गोदाम अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर होतं.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. साताऱ्याच्या अदिती स्वामीने त्याच्या आदल्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद जिंकलं होतं, तेही वयाच्या सतराव्या वर्षी. हुबळी-धारवाडातल्या मराठी घरांमध्ये कोल्हापूर-साताऱ्याची बातमी शेजारच्या घरातली असल्यासारखी पोचते. मुलांना रेंज हवी, पालकांना रेंज हवी, आणि रेंज चालवणाऱ्या छोट्या संस्थांना पैसा हवा. म्हणून हा हिशेब: सुधारणेला किती लागतात, त्यातले सरकारी किती मिळू शकतात, आणि उरलेले कुठून काढायचे.

खजिनदारांच्या तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेक अर्ज मरतात. सरकारी पैशातून बांधकाम व्हायचं तर जमीन सरकारी, महानगरपालिकेची, शाळा-कॉलेजची किंवा संस्थेच्या स्वतःच्या नावावरची असावी लागते. नाहीतर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत लीज लागतो. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी भिंत बांधून देत नाही, आणि देऊही नये. शहरात असाल तर खाता उतारा, खेड्यात असाल तर पहाणी, आणि शेतजमीन असेल तर बिनशेती केल्याचा आदेश. हे तीन कागद हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला एक रुपयाही देऊ नका.

स्वतःची जमीन नसलेल्या क्लबला माझा सल्ला सरळ आहे: एखाद्या हायस्कूलशी किंवा कॉलेजशी करार करा. त्यांच्याकडे वापरात नसलेला हॉल असतो, तुमच्याकडे प्रशिक्षक असतो. अर्ज शाळेच्या नावाने जातो, सकाळी शाळेची मुलं, संध्याकाळी क्लबची. मालकी गेली म्हणून काही कार्यकारिणी सदस्य रुसतात. रुसू द्यात.

दुसरा अडसर परवान्याचा, पण तो लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची, २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल यांना शस्त्रपरवाना लागत नाही. धनुष्याला तर नाहीच. कुसाळे ज्या प्रकारात जिंकला त्या .२२ रायफलला मात्र लागतो, आणि तशी रेंज चालवायची तर शस्त्र नियम २०१६ खाली क्लबलाही परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे त्यात एक स्थानिक गोम आहे. हुबळी आणि धारवाड शहरांना पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे इथे शस्त्र कायद्याखालचे जिल्हा दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे येतात. कलघटगी किंवा नवलगुंदला रेंज काढलीत तर तोच अर्ज डी.सी. ऑफिसला. चुकीच्या दारात फाईल ठेवून महिनोन्‌महिने वाट पाहणारे मी पाहिलेत. ५० मीटर रेंजला जाड भिंती, मातीचा बांध, डोक्यावरून गोळी जाऊ नये म्हणून आडव्या बॅफल भिंती असा सगळा जामानिमा लागतो. छोट्या संस्थेने त्या वाटेला पहिल्या पाच वर्षांत जाऊ नये. दहा मीटरपासून सुरू करा.

आता खर्च. पुढचे दर मी उदाहरणादाखल धरले आहेत; तुमच्या प्रस्तावात पीडब्ल्यूडीच्या चालू दरसूचीतले आणि तीन कोटेशनांमधले आकडे घाला. मापं मात्र खरी आहेत.

दहा लेनच्या एअर रेंजला नेमबाजाच्या रेषेपासून टार्गेटपर्यंत १० मीटर लागतात. मागे टेबल, खुर्च्या, प्रशिक्षकाची ये-जा यासाठी ३ मीटर, टार्गेटच्या पलीकडे २ मीटर. लांबी झाली १५. रुंदी प्रत्येक लेनला किमान १ मीटर, म्हणजे १०, आणि कडेला चालायला आणखी १. एकूण १६५ चौरस मीटर. साध्या भिंती, ट्रसवर पत्रे, आतून छत, असा दर चौरस मीटरला १८,००० धरला तर २९ लाख ७० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी ५ लाख ३५ हजारांच्या घरात. झाले ३५ लाख ५ हजार. जीएसटी विसरून केलेली एस्टिमेटं इतक्यांदा पाहिली आहेत की हा आकडा मुद्दाम वेगळा लिहिला. नोंदणी नसलेल्या क्लबला तो कर कुठूनही परत मिळत नाही.

आणि मग माती. पुस्तकी एस्टिमेटमध्ये न येणारी ही गोष्ट आपल्या भागात सगळ्यात महाग पडते. हुबळीच्या पूर्वेला, नवलगुंदकडे, जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. धारवाडकडून कलघटगीकडे जाल तशी तांबडी, मुरमाड जमीन लागते. नवलगुंद रोडला एका संस्थेने नेहमीचा पाया घेऊन छोटी रेंज बांधली. दुसऱ्या उन्हाळ्यात फरशीला आडवी भेग गेली, अगदी नेमबाजांच्या रेषेजवळून. दिसायला क्षुल्लक. पण नेमबाजाचा एक पाय भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि दोन्हीच्या पातळीत सुपारीएवढा फरक. टार्गेटची चौकटही एका बाजूला कलली. नियमाप्रमाणे १० मीटरला टार्गेटचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर हवा, आणि इकडेतिकडे फक्त ५ सेंटिमीटरची सूट. ज्युनिअर इंजिनिअर येऊन बघून गेला. "माती तपासली होती का, सर?" एवढंच त्याने विचारलं. तपासली नव्हती. काळ्या जमिनीत माती काढून मुरूम भरावा लागतो, पाया खोल घ्यावा लागतो. तेव्हा माती परीक्षणाचा खर्च एस्टिमेटच्या पहिल्या ओळीत घाला.

टार्गेटचं काय? दोरीची पुली आणि कागदी टार्गेट, लेनला १५,००० धरा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट, देशी बनावटीचं, दीड लाख धरा. परदेशी घेतलंत तर त्याच्या दुपटी-तिपटीची तयारी ठेवा. सगळ्या दहा लेन इलेक्ट्रॉनिक करायचा मोह होतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत त्या छान दिसतात. मी आठ पुल्या आणि दोन इलेक्ट्रॉनिक घ्यायला सांगेन: १ लाख २० हजार अधिक ३ लाख, एकूण ४ लाख २० हजार. मोठ्या स्पर्धा इलेक्ट्रॉनिकवर होतात, म्हणून मुलांना पडद्यावर गुण पाहायची सवय हवी. पण रोजचा सराव कागदावर उत्तम होतो. एअर रायफलच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो कागद हातात घेऊन, भोक उजेडाकडे धरून बघणाऱ्या मुलाला आपली चूक जशी कळते तशी पडद्यावर कळत नाही, असं मला अजूनही वाटतं.

सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक पडतो तो दिव्यांनी. टार्गेटवर किमान १,५०० लक्स उजेड हवा, हॉलमध्ये ३०० तरी. गोदामांमध्ये नेमकं उलट असतं: डोक्यावर लख्ख ट्यूब आणि टार्गेट अंधारात. लक्समीटर उसना आणा, आजचं माप लिहून ठेवा, फोटो काढा. प्रस्तावाला 'आधी'चा इतका सोपा पुरावा दुसरा नाही. हेस्कॉम या वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन मंजूर लोड आणि कोणता दर लागेल ते आधीच विचारून घ्या. व्यापारी दर लागला तर महिन्याचं गणित बदलतं.

शिशाचा हिशेबही इथेच करू. एक मूल दिवसाला ८० छर्रे उडवतं असं धरा. २० मुलं, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ४०,००० छर्रे. ५०० च्या डबीने ८० डब्या. डबी ७०० रुपयांची धरली तर महिन्याला ५६,०००. एका छर्ऱ्याचं वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, तेव्हा महिन्याअखेरीस टार्गेटमागे २१ किलो शिसं साठतं. ते केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, हवा खेळती ठेवा, बाहेर हात धुवायला नळ आणि साबण ठेवा, जेवणाचा डबा रेंजमध्ये उघडू देऊ नका. छर्रे अडवणारी लोखंडी पाटी खाली कललेली असावी, म्हणजे तुकडे उलटून येण्याऐवजी पेटीत पडतात. हे सगळं मिळून पाच-दहा हजारांचं काम आहे, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला हेच पहिलं दिसतं.

तिरंदाजीचं गणित वेगळं. तिथे भिंत नाही, जमीन आहे. रिकर्व्ह ७० मीटरवर, कंपाउंड ५० मीटरवर. मागे सुटलेल्या बाणासाठी मोकळी जागा किंवा मातीचा उंच बांध, पुढे खेळाडूंची जागा. १२० बाय ३० मीटरचा पट्टा धरला तर ३,६०० चौरस मीटर, साधारण ३६ गुंठे. धारवाडच्या बाजूला खेड्यांतून एवढी जमीन हायस्कूलकडे असते. मैदान उत्तरेकडे तोंड करून आखा, म्हणजे सूर्य डोळ्यांत येत नाही. बांध जेसीबीने घालता येतो, कुंपण लागतंच, आणि पावसाचं पाणी काढायला चर. अदिती स्वामीचा सराव साताऱ्यात उसाच्या शेतातल्या मैदानावर झाला, तेव्हा भव्य पॅव्हेलियनवाचून अडतं असं कुणी म्हणू नये. फोमची टार्गेटं घ्यायला पैसे नसतील तर कलघटगी-अळणावरकडे भाताचा पेंढा मुबलक मिळतो. घट्ट दाबून बांधलेली पेंढ्याची ढाल नवख्यांच्या लाकडी धनुष्याला पुरते. कंपाउंडचा बाण मात्र तिच्यातून आरपार जातो. आणि गवत बारीक कापलेलं ठेवा. कार्बनचा बाण गवतात शिरला की शोधायला अख्खी संध्याकाळ जाते, आणि त्याची किंमत पालकाच्या खिशातून जाते.

आता पैशाची दारं.

पहिलं दार स्थानिक विकास निधीचं. कर्नाटकात आमदाराला वर्षाला २ कोटी, खासदाराला ५ कोटी. धारवाड जिल्ह्यात सात विधानसभा मतदारसंघ आहेत, त्यातले तीन हुबळी-धारवाड नावाचेच: पूर्व, मध्य आणि पश्चिम. रेंज ज्या मतदारसंघात आहे त्याच आमदाराकडे जा. शेजारच्याकडे गेलात तर चहा मिळेल, पत्र नाही. विधानपरिषदेचे सदस्य आणि राज्यसभेचे खासदार यांचाही पर्याय असतो, आणि त्यांच्याकडे गर्दी कमी असते. हा निधी मुळात टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी करण्यासाठी आहे. म्हणजे हॉल, कुंपण, बांध, स्वच्छतागृह. छर्रे, गणवेश, प्रशिक्षकाचा पगार यांतलं काही त्यात बसत नाही. लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतो. मंजुरी आणि देखरेख जिल्हा प्रशासनाची. खाजगी संस्थेला खासदार निधीतून काम हवं तर ती नोंदणीकृत, ना-नफा आणि किमान तीन वर्षं काम केलेली असावी लागते, आणि झालेली सोय लोकांसाठी खुली ठेवण्याचं लिहून द्यावं लागतं. 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी असेल तर अर्जाआधी ती काढा.

महत्त्वाची गोष्ट: हा पैसा तुमच्या खात्यात येत नाही. काम पीडब्ल्यूडी, केआरआयडीएल किंवा निर्मिती केंद्रासारखी सरकारी यंत्रणा करते, आणि खरेदी राज्याच्या १९९९ च्या पारदर्शकता कायद्याने होते. तुमच्या ओळखीचा गवंडी चालत नाही. म्हणून भांडण टाळायचं असेल तर रेंजची मापं, टार्गेटची उंची, दिव्यांची जागा हे सगळं नकाशावर लिहून एस्टिमेटलाच जोडा. नेमबाजी न पाहिलेला ठेकेदार नेमबाजांच्या रेषेवर बरोबर खांब उभा करतो. हे विनोदाने लिहीत नाही.

दुसरं दार खेलो इंडिया. ही केंद्राची योजना २०१६-१७ पासूनची. २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यासाठी तिला ३,१६५.५० कोटी रुपये ठेवले होते. तिच्यात छोट्या संस्थेच्या कामाचा भाग म्हणजे खेलो इंडिया केंद्र. एका केंद्राला एका खेळासाठी मैदान-सुधारणा आणि साहित्याला एकदाच ५ लाख, आणि वर्षाला ५ लाख प्रशिक्षक म्हणून घेतलेल्या माजी नामवंत खेळाडूचं मानधन, साहित्य, स्पर्धाप्रवास यांना. मे २०२१ मध्ये सात राज्यांत १४३ केंद्रं मंजूर झाली तेव्हा कर्नाटकाच्या वाट्याला ३१ केंद्रं आणि ३ कोटी १० लाख आले, महाराष्ट्राच्या ३६ केंद्रांना ३ कोटी ६० लाख. सरळ भागाकार: केंद्राला १० लाख. नेमबाजी आणि तिरंदाजी दोन्ही या केंद्रांच्या खेळांच्या यादीत आहेत. प्रस्ताव राज्याच्या युवा सबलीकरण आणि क्रीडा खात्यातून जातो, तेव्हा जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन सध्याचं परिपत्रक मागून घ्या. टप्पा बदलला की अटी बदलतात. अडचण पैशाची कमी आणि माणसाची जास्त असते: केंद्र मोडकळीला आलेल्या रेंजच्या नावाने मिळत नाही, चांगली कामगिरी केलेल्या माजी खेळाडूच्या भोवती मिळतं. तसा नेमबाज आपल्या शहरात राहत असेल तर आधी त्याच्या घरी जा, मग ऑफिसात.

वरच्या हिशेबातल्या ४ लाख २० हजारांच्या टार्गेटांना ते एकदाचे ५ लाख कसे पुरतात ते पाहा. मी आठ अधिक दोनचा हट्ट धरतो त्याचं अर्धं कारण हेच.

याच योजनेत मोठ्या बांधकामांसाठीही भाग आहे, पण तो राज्य सरकार, महानगरपालिका, विद्यापीठ यांच्यासाठी. क्लबने थेट तिथे धडकू नये. स्मार्ट सिटीचं नाव अजून कुणी घेत असेल तर सांगा की ते मिशन मार्च २०२५ ला संपलं. आणि महानगरपालिकेकडे जाताना एक लक्षात असू द्या: १९६२ पासून जोडीने चाललेल्या हुबळी-धारवाड महापालिकेतून धारवाड वेगळं काढायला राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली. तुमची जागा धारवाडात असेल तर फाईल कुठल्या टेबलावर आहे ते दर महिन्याला विचारा.

तिसरं दार कंपन्यांचं. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातली एक पायरी ओलांडलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. धारवाडच्या औद्योगिक पट्ट्यात अशा कंपन्यांचे कारखाने आहेत. एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि त्यासाठी आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या आधी लागतात. 'प्रशिक्षण' हा शब्द कायद्यात आहे, तेव्हा अर्ज 'रेंजचं नूतनीकरण' असा न लिहिता 'अमुक मुलांचं दोन वर्षांचं प्रशिक्षण, त्यासाठी लागणारी रेंज' असा लिहा. व्हीलचेअर आत येईल असा उतार, एकाला बारा या प्रमाणात, आणि एक रुंद लेन ठेवलीत तर पॅरा-नेमबाजांसाठी म्हणून अर्ज आणखी भक्कम होतो. दाराच्या पायरीऐवजी उतार बांधायचा खर्च नगण्य आहे.

राष्ट्रीय क्रीडा विकास निधी १९९८ चा आहे, त्याचा रोख वरच्या पातळीवरच्या खेळाडूंकडे आणि संघटनांकडे. आपल्या क्लबचा पोरगा राष्ट्रीय संघात जाईल तेव्हा या निधीचं नाव काढू.

परदेशात हे कसं चालतं ते एका परिच्छेदात, कारण तिथल्या नातेवाइकांकडून ऐकून लोक विचारतात. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर करच बसतो, पिस्तुलांवर १० टक्के, बाकीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११. पुढे धनुष्यबाणही त्यात आले. १९३७ च्या एका कायद्याने तो पैसा वन्यजीव रक्षणासाठी आणि रेंजसाठी राज्यांना वाटला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक रेंज बांधायला केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, स्थानिकांनी १० घालायचे. खेळणाराच कर भरतो आणि त्यालाच रेंज मिळते. आपल्याकडे छर्ऱ्याच्या डबीवरचा जीएसटी सगळ्या करांबरोबर एका हौदात जातो.

कागदांचं सांगून टाकतो. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खालचं प्रमाणपत्र आणि दरवर्षीचं नूतनीकरण, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पॅन, एनजीओ दर्पणचा क्रमांक, राज्य संघटनेशी संलग्नता. राज्य कार्यालयांत अर्ज कानडीत द्या. आपण घरात मराठी बोलत असू, पण टेबलावरच्या कारकुनाला तीन ओळींत समजेल असं पत्र फाईलला पाय फोडतं. केंद्राचं अनुदान थेट संस्थेला आलं तर ते वेगळ्या बँक खात्यात ठेवा. त्यावरचं व्याज आपलं नसतं, ते परत करायचं असतं. आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि त्या पैशातून घेतलेली रायफल परवानगीवाचून विकता येत नाही. एका खजिनदाराने व्याजाच्या पैशात रंगकाम करून घेतलं. रंग छान झाला, पुढचा हप्ता थांबला.

हप्ता थांबतोच, कधी कारणाने, कधी निवडणुकीच्या आचारसंहितेने. म्हणून सहा महिन्यांचा चालू खर्च हातात ठेवूनच काम सुरू करा.

आणि तो चालू खर्च किती? प्रशिक्षक महिना २५,००० धरला तर वर्षाला ३ लाख. मदतनीस १०,००० प्रमाणे १ लाख २० हजार. वीज ६,००० प्रमाणे ७२,०००. दुरुस्ती ६०,०००, विमा आणि ऑडिट ३०,०००. बेरीज ५ लाख ८२ हजार. ३० मुलं, फी १,५०० रुपये, बारा महिने: ५ लाख ४० हजार. तूट ४२,०००. छर्रे यात धरलेले नाहीत. ते मुलाने आणायचे, महिना चार डब्या, म्हणजे २,८००. खेलो इंडियाचे वार्षिक ५ लाख आले तरी ते आधी प्रशिक्षकात जातात. वीस मुलांचे वर्षाचे छर्रेच ६ लाख ७२ हजारांचे होतात. गरीब घरच्या मुलाला फी माफ केलीत तर त्याचे छर्रे कोण देणार, हेही त्याच दिवशी ठरवा. फी माफ झालेली मुलं तिसऱ्या महिन्यात यायची थांबतात ती रिकाम्या डबीमुळे.

त्या गोदामातल्या बैठकीचं पुढे असं झालं. सभासदांनी एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना गाठलं, त्यांचा पडून असलेला लांब हॉल मोजला. साडेसोळा मीटर भरला. लीजचा मसुदा वकिलाकडे गेला आहे. आमदार निधीचं पत्र त्यानंतर. दरम्यान खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून आठ एलईडी आणून गोदामातल्या टार्गेटांवर लावले, आणि पुल्यांना तेल घातलं.